हात गुडघ्यावर

हरलो. हेडफोन काढला, मांडीवरचा बॉक्स खाली ठेवला आणि दोन्ही हात गुडघ्यावर ठेवून बसलो.

शेजारच्या खुर्चीत दिगूदा होता. दिग्विजय खोत. त्यानंच मला आत्ता सलग तीन गेम हाणले होते. तो शांतपणे आपली वायर गुंडाळत होता. स्टेजसमोर पहिल्या रांगेत आमच्या गेम पार्लरची सगळी पोरं बसलेली, ती पण वाट बघत होती. मी खाली मान घालून, हात गुडघ्यावर.

दिगूदानं वायर पिशवीत टाकली, माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"चांगला खेळलास," म्हणाला.

मी तसाच बसलो. वाटलं पुढचं आता येणार.

"ऊठ की. पुढच्यांना बसायचं हाय."

"दादा, पंचनामा?"

"कशाचा पंचनामा लगा? चांगला खेळलास म्हटलं न्हवं."

हसला आणि स्टेजवरनं उतरून गेला.

तेव्हा मी घाबरलो. हरल्यावर नव्हतो घाबरलो. हे ऐकल्यावर घाबरलो.

का घाबरलो ते कळायला आधी आमचं पार्लर सांगतो.

इचलकरंजीत एका सायझिंगच्या, म्हणजे सुताला खळ देणाऱ्या कारखान्याच्या, ऑफिसच्या वर, पहिल्या मजल्यावर तीन टीव्ही, सहा खुर्च्या. चारी बाजूनं माग चालू, त्यामुळं आम्ही सगळे बोलतो ते ओरडूनच. गेम एकच. दोन माणसं स्क्रीनवर समोरासमोर, प्रत्येकाच्या डोक्यावर लाईफची पट्टी, ज्याची संपली तो गेला. गेमचं नाव नाही लिहीत, आम्ही पण कुठलीच नावं कंपनीनं दिलेली वापरत नव्हतो. मी जो घ्यायचो तो टकल्या, दांडगा, लांबनं काही करता न येणारा, पण जवळ गेला की उचलून आपटणारा. त्याला आम्ही पैलवान म्हणायचो. दिगूदा घ्यायचा ती भालेवाली. तिचा भाला अर्ध्या स्क्रीनपर्यंत पोचतो. समोर मारते, आणि उडी मारून येणाऱ्याला भाला सरळ वर करून हवेतच टोचते.

खेळायचं बॉक्सवर. बॉक्स म्हणजे लाकडी पेटी, डावीकडं दांडी, उजवीकडं बटणं. माझा बॉक्स दिगूदानंच बनवून दिलेला. माग दुरुस्त करणाऱ्या एका सुताराकडनं प्लायवूड कापून आणलं, कडा स्वतः घासल्या, की मनगटाला लागू नये.

आणि पार्लरची रीत होती पंचनामा. दिगूदानंच घातलेली. हरणाऱ्यानं खुर्ची सोडायची नाही. हात गुडघ्यावर ठेवायचे. जिंकणारा सगळ्यांसमोर, मोठ्यानं सांगणार की तू का हरलास. उलट बोलायचं नाही. डोळे पुसायचे नाहीत. उद्या आलास की ती चूक दिसली नाही पाहिजे.

"तुला हात दोन हायत, डोकं एक पण न्हाई." हे एका डॉक्टरच्या पोराला. तो परत आला नाही.

"तू घाबरलास की तुझं डावं ढोपार हालतंय. मी स्क्रीन बघतच न्हाई, तुझं ढोपार बघतोय." हे मला, पहिल्या महिन्यात. घरी जाऊन ढोपराला दोरी बांधून खेळलो.

असा मी घडलो. दोन वर्षं. रोज शिव्या, रोज एक चूक कमी. शेवटी शेवटी तर अख्ख्या पार्लरात मला हरवणारा दिगूदा सोडून कोणी उरलं नाही, आणि त्याला पण मी तीनात एकदा हाणायचो. मी शिकलो ते एवढंच, की पंचनाम्यात आली ती चूक, नाही आली ती चूक नाही. माझा त्याच्यावर देवावर असतो तसा विश्वास होता असं नाही. देवावर माझा एवढा नव्हता.

दोन वर्षांत "चांगला खेळलास" मी त्याच्या तोंडून एकदाही ऐकलं नव्हतं. कोणीच नव्हतं ऐकलं.

आता पुण्याचं. एका मॉलच्या वरच्या मजल्यावरचा हॉल. जिंकणाऱ्याला बंगळूरची एक टीम घेणार होती. एकालाच. तिथं राहायचं, खेळायचं, एशियाच्या स्पर्धेला जायचं. टीमच्या गौरी मॅडम, मूळच्या बेळगावच्या, तिसऱ्या रांगेत लॅपटॉप घेऊन बसलेल्या.

मी तेव्हा अठराचा. पप्पांनी सायझिंगमध्ये माझ्यासाठी शब्द टाकून ठेवलेला. "पुणं झालं की बास. सोमवारी सकाळी शेठना भेटायचं," म्हणाले होते. चिडून नाही म्हणाले, तेच वाईट होतं. चिडले असते तर भांडता आलं असतं.

दिगूदा अठ्ठावीसचा. त्याच्या घरचं भडंगचं दुकान. त्याच्या वडिलांनी पण त्याला हेच सांगितलेलं, फक्त दहा वर्षं आधीपासनं. येताना क्रूझर जीपमध्ये तो ड्रायव्हरशेजारी बसून म्हणाला होता, "यंदा न्हाई तर मग आयुष्यभर शेंगदाणं भाजायचं." सगळे हसले. तो नव्हता हसला.

या स्पर्धेत एकदा हरलं की बाहेर काढत नाहीत. खाली टाकतात. खाली परत हरलास तर घरी. जिंकलास तर वर येऊन फायनल. म्हणजे मी आता खाली गेलो होतो. वसईचा ऑल्विन म्हणून एक पोरगा होता, त्याला हरवलं की फायनलला परत दिगूदाच.

आणि म्हणून मी घाबरलो.

पंचनामा केला तर मला चूक कळली असती. कळली असती तर फायनलला मी ती केली नसती. त्यानं केला नाही. म्हणजे ती चूक त्याला अजून एकदा लागणार होती.

मी मोहसीनला शोधला. मोहसीन माझा दोस्त, बालवाडीपासनं. पार्लरात त्यानंच मला पहिल्यांदा नेलं. खेळायला सुमार, पण माझी एक मॅच सोडायचा नाही. तो मॉलच्या मागच्या जिन्यात पायरीवर बसून ग्लुकोज बिस्किटं खात होता.

"त्यानं पंचनामा केला न्हाई," मी म्हटलं.

"मग बरं झालं की. बिस्कीट खा."

"कधी झालंय असं?"

"परक्या गावात आलोय, स्टेजवर कशाला तमाशा म्हणून न्हाई केला असंल."

"क्रूझर कराडला थांबली तेव्हा चहाच्या टपरीवर त्यानं पम्याचा केला. टपरीवाल्यासमोर."

मोहसीन बिस्किटाच्या पुड्याचा कागद बारीक बारीक फाडाय लागला.

"मोश्या, माझ्याकडं बघ."

बघितलं नाही.

"काय चुकतंय माझं?"

"मला काय कळतंय लगा गेममधलं. मी पहिल्या फेरीत उडालो."

"मोश्या."

"बेडूक," तो म्हणाला.

"काय?"

"तुला बेडूक म्हणतात. पार्लरात. तू नसलास की."

जिन्यात कुणाचा तरी फोन वाजत होता, खालच्या मजल्यावर. तो थांबला तसे मोहसीननं हातातले कागदाचे तुकडे पायरीवर टाकले.

"तुझं लाईफ संपत आलं की तू मागं उडी मारतोस," मोहसीन म्हणाला. "दरवेळी. एवढंसं राहिलं की टुणकन मागं. पैलवान असून. दादानं गणपतीच्या आधी बघितलं ते. आम्हाला सगळ्यांना म्हणाला, ह्याला कोणी सांगायचं न्हाई. आणि त्या उडीला मारायचं पण न्हाई. मारू द्यायची उडी. वाचू द्यायचं."

मला एकदम सगळं दिसलं. पार्लरात मी तसा उडायचो आणि दिगूदाचा भाला जमिनीवर जायचा, माझ्या पायाखालनं. मला वाटायचं मी हुशार. मला वाटायचं ही माझी वाचायची जागा आहे. आणि आत्ता स्टेजवर तिन्ही गेममध्ये शेवटाला मी उडालो आणि भाला वर आला. तिन्ही वेळा मला वाटलं नशीब.

"गणपतीपासनं? आता शिमगा आला मोश्या."

"व्हय."

"का?"

"'पोरगं माझ्या पुढं जाणार हाय,' म्हणाला. 'जाऊ दे. पण एका कुलपाची किल्ली माझ्याकडं राहू दे.'"

"कुणाकुणाला माहिती आहे?"

"सगळ्यांना."

"पम्याला पण?"

"बेडूक नाव त्यानंच ठेवलं."

पम्या म्हणजे ज्याला मी रोज हरवायचो. रोज हात गुडघ्यावर ठेवून माझ्याकडनं ऐकून घ्यायचा आणि मान हलवायचा.

"तू पण हसलास?"

"सम्या..."

"हसलास का?"

"सगळी हसायची तेवढा हसलो."

मी उठलो. त्यानं माझ्या शर्टाला धरलं.

"दादाला कळू देऊ नको मी सांगितलं ते. मला त्याच क्रूझरमधनं परत जायचंय."

ऑल्विनशी मॅच सुरू झाली तेव्हा मला माझी चूक माहिती होती, आणि तरी मी ती केली.

हे गेम न खेळणाऱ्याला पटत नाही. कळणं डोक्यात असतं, उडी बोटात असते. पट्टी लाल झाली, मी मनात म्हणतोय उडू नको, उडू नको, आणि डाव्या हातानं दांडी मागं वर ओढलेली पण. पैलवान हवेत. ऑल्विनला काही माहिती नव्हतं म्हणून वाचलो. पुढच्या गेमला परत तेच. परत उडालो. मागनं पार्लरच्या रांगेतनं कुणीतरी हळूच "टुणूक" म्हणालं आणि खसखस पिकली. मॅचच्या गोंगाटात पण ते मला ऐकू आलं. गणपतीपासनं ऐकू आलं नव्हतं. आता आलं.

तिसऱ्या गेमला लाईफ लाल झालं आणि मी डावा हात दांडीवरनं उचलला. ठरवून नाही. विंचवावर हात पडावा तसा उचलला. आणि ठेवायचा कुठं कळंना म्हणून गुडघ्यावर ठेवला.

पैलवान स्क्रीनवर नुसता उभा. हलंना, उडंना. ऑल्विनला काय वाटलं देव जाणे, तो पण क्षणभर थांबला. मी हात परत टाकला, पुढं चाललो, उचलून आपटला.

असा ऑल्विनला काढला. जाताना त्यानं हात मिळवला. "मध्ये हात का काढतोस रे? दुखतो काय?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, व्हय, दुखतो.

फायनल. दिगूदा त्याच खुर्चीत. हेडफोन लावायच्या आधी म्हणाला, "आलास? म्हटलं न्हवं चांगला खेळतोस." प्रेमानं म्हणाला. खोटं नव्हतं ते प्रेम, हे पण सांगतो. त्यानं मला बॉक्सच्या कडा घासून दिल्या होत्या.

खालून आलेल्याला वरच्याला दोनदा हरवावं लागतं. एकदा हरवलं तर बरोबरी, दुसऱ्यांदा हरवलं तर जिंकला. दिगूदाला एकदाच पुरे होतं.

पहिला गेम. भाला, भाला, भाला. पैलवानाला जवळ जाता येईना. माझं लाईफ नखाएवढं राहिलं. मी हात गुडघ्यावर ठेवला.

भाला सरळ वर गेला. रिकाम्या हवेत.

भालेवाली भाला वर करून उभी आणि माझा पैलवान खाली जमिनीवर, तिच्याकडं बघत. भाला खाली यायला वेळ लागतो. तेवढ्यात मी चालत गेलो, धरलं, आपटलं. उठली, परत आपटलं. गेम माझा.

पहिल्या रांगेतनं ह्यावेळी "टुणूक" आलं नाही.

दुसऱ्या गेमला तेच. दिगूदानं मान वळवून माझ्या हाताकडं बघितलं. गुडघ्यावर. त्याच्या चेहऱ्यावर काय आलं ते मी बघितलं नाही, मी स्क्रीन बघत होतो. पण त्याच्या बटणांचा आवाज बदलला. तो जोरात मारत होता आता.

तिसरा गेम पण काढला आणि ती पहिली पाळी मी घेतली. बरोबरी झाली.

मधल्या वेळेत तो पाणी प्यायला उठला नाही. बसूनच म्हणाला, स्क्रीनकडं बघत, "कळलं तुला."

मी बॉक्स मांडीवर नीट केला.

"मी सांगणार होतो. आजचं झालं की सांगणार होतो सम्या. आईशप्पथ."

"व्हय दादा," मी म्हटलं.

आता त्याला पण माहिती होतं की मी उडणार नाही. म्हणून मला वाटलं माझा डाव संपला. दिगूदा माझ्यापेक्षा हुशार, हे मला तेव्हा पण माहिती होतं, आज पण आहे. तो आता भाला वर करणारच नाही. समोर मारेल, आणि मी हात गुडघ्यावर ठेवून फुकट मरेन.

झालं पण तसंच. दोन गेम त्यानं तसेच घेतले. थंड डोक्यानं, खालनं टोचून. मग दोन मी घेतले, नुसती हाणामारी करून. राहिला शेवटचा गेम. शेवटचा राऊंड. त्याचं लाईफ अर्ध्याच्या वर, माझं लाल. एक टोचा बसला की संपलं. बंगळूर त्याचं, सायझिंग माझी.

मी हात गुडघ्यावर ठेवला. दुसरं काय करणार, मला सुचलंच नाही काही.

आणि भाला वर गेला.

तो वर गेला तसा दिगूदाच्या तोंडातनं आवाज आला. बारीक, जिन्यावर पाय सुटलेल्या माणसाचा येतो तसा. त्यानं भाला वर केला नव्हता. बोटांनी केला होता.

गणपतीपासनं तो माझ्या उडीची वाट बघत होता ना. रोज माझं लाईफ लाल झालं की मनात भाला वर करायचा आणि हातानं खाली. वर, पण खाली. वर, पण खाली. पुण्यात येऊन त्यानं हाताला घातलेला तो बांध सोडला, आणि आता तो परत घालता येत नाही, हे मी त्याच्याशेजारी बसून बघितलं. दोन गेम त्यानं भाला डोक्यानं दाबून धरला. शेवटाला, घामात, डोकं सुटलं आणि बोटं राहिली. माझ्यात एक खोड त्यानं सांभाळून ठेवली होती. ती सांभाळता सांभाळता तिच्या जोडीची खोड त्याच्यात वाढली होती. त्याला माहिती नव्हती. त्याचा पंचनामा करणारं पार्लरात कोणीच नव्हतं.

मी चालत गेलो. धरलं. आपटलं. उठायला दिलं, कारण मला बघायचं होतं. उठली आणि भाला परत वर.

परत आपटलं. संपलं.

हॉल ओरडत होता. कुणीतरी माझ्या डोक्यावरनं हेडफोन काढला. एक पोरगी माईक घेऊन आली, तिला मी हातानं थांबवलं, कारण दिगूदा उठला नव्हता. त्यानं बॉक्स खाली ठेवला. आणि दोन्ही हात गुडघ्यावर ठेवले.

रीत म्हणजे रीत. हे त्याचं मानलं पाहिजे. स्टेजवर, लाईटमध्ये, कॅमेऱ्यासमोर, अठ्ठावीस वर्षांचा माणूस, खाली मान घालून बसला. पहिल्या रांगेत पोरं उभी राहिली होती, ती बसली. माईकवालीला काही कळंना, ती एकदा त्याच्याकडं बघायची, एकदा माझ्याकडं.

"सांग," दिगूदा म्हणाला.

मी उठलो. वायर गुंडाळली. सावकाश. त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"चांगला खेळलास दादा."

त्यानं मान वर केली.

"सम्या. असं न्हाई. रीतीनं सांग. भाला का जातोय वर? मी मारत न्हाई, तरी जातोय. तू बघितलंयस. तुला कळलंय."

"काय सांगू? चांगला खेळलास म्हटलं न्हवं."

तो बघत राहिला. मग माझ्या मागं, पहिल्या रांगेकडं बघितलं त्यानं, एकेकाकडं, शेवटाला मोहसीनवर थांबला.

"मोश्या. तू सांगितलंस ह्याला."

मोहसीन माझ्याकडं बघाय लागला. मी एवढंच म्हणायला पाहिजे होतं की मोबाईलवर मॅच परत बघितली, त्यात दिसलं. कुणालाही पटलं असतं.

मी माईकवालीला म्हटलं, "हां, विचारा."

गौरी मॅडमनी नंतर त्याच जिन्यात उभं राहून माझ्याशी बोलणं केलं. पायरीवर बिस्किटाच्या पुड्याचे तुकडे पडलेले होते.

"मध्येच हात काढतोस तू. ती सवय मोडावी लागेल आपल्याला," म्हणाल्या.

"मोडतो मॅडम."

"तुझ्याबरोबर कोण आलंय? घरचं कोणी?"

"कोणी नाही," म्हटलं.

मोहसीनचे कॉल येत होते तेव्हा. मी फोन उलटा ठेवला. क्रूझर निघाली होती आणि कात्रजचा घाट लागायच्या आधी त्यांनी त्याला उतरवला, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. रस्त्याच्या कडेला, बॅगसकट. पम्यानं खिडकीतनं बिस्किटाचा पुडा टाकला म्हणे त्याच्या अंगावर.

पुढचं लोकांना माहिती आहे. बँकॉकला पहिल्याच फेरीत हरलो. जकार्ताला जिंकलो. आता जर्सीवर माझं आडनाव असतं, मगदूम, आणि तिकडचे लोक ते प्रत्येक वेळी वेगळं म्हणतात. टीमच्या घरात हरल्यावर कोच समोर बसवतो आणि गोड आवाजात फीडबॅक देतो. हात कुठंही ठेवले तरी चालतात. मला त्यातलं निम्मं लक्षात राहत नाही.

बॉक्स अजून तोच आहे. कडा लागत नाहीत.

दिगूदाचे मेसेज यायचे. सुरवातीला रोज, मग महिन्यातनं एक. "काय चुकतंय?" एवढंच. अजून तो बारक्या स्पर्धांना जायचा, सांगलीला, बेळगावला, आणि अर्ध्यावरनं परत यायचा. समोरच्याचं लाईफ संपत आलं की भाला वर. समोरचा कोणी का असेना, उडो न उडो. पम्यानं मला इन्स्टावर कळवलं. पार्लरात त्याला पण आता नाव ठेवलंय, तो नसला की म्हणतात. झेंडावंदन. खाली हसण्याच्या तोंडांची एक ओळ होती.

मी पम्याला उत्तर दिलं नाही. दिगूदाला कुणी सांगितलं का, ते पण विचारलं नाही.

गेल्या दिवाळीत गावी गेलो होतो. घरच्यांनी भडंग आणायला सांगितलं म्हणून दुकानावर गेलो. दुसरीकडनं पण आणता आलं असतं. दिगूदा काउंटरला एकटा होता. जाड झालाय. केस पुढनं गेलेत. दुकानात शेंगदाण्याचा आणि लसणीचा वास. मला बघून हसला, स्टूल पुढं सरकवलं, मी बसलो नाही.

"जकार्ताची बघितली तुझी मॅच," म्हणाला. "तिसऱ्या राऊंडला डाव्या बाजूला उगाच गेलास."

"व्हय. कोच पण तेच म्हणाला."

"म्हणणारच. दिसतंय की."

त्यानं दोन पुडे बांधले, एक चमचा भडंग कागदावर काढून माझ्यापुढं ठेवलं. पैसे घेतले नाहीत. मग काउंटरमागनं बाहेर आला, जे स्टूल मला दिलेलं त्यावर स्वतः बसला, रस्त्याकडं पाठ करून. गिऱ्हाईक कोणी नव्हतं. हात पुसले त्यानं मांडीवर, दोन्ही. आणि गुडघ्यावर ठेवले.

मान खाली.

मी कागदावरचं भडंग तोंडात टाकलं. सावकाश चावलं. संपवलं.

"चांगलं झालंय दादा," म्हटलं, पुडे घेतले आणि निघालो.